फुकटवाले सर

लातूरच्या आमच्या शाळेत हिंदी शिकवणारे एक सर होते. ते मुलांच्या वेबसाइटी चहाच्या टपरीवर तपासायचे.

टपरी शाळेच्या फाटकासमोरच होती. मधल्या सुट्टीत सर तिथं जायचे, बाकड्यावर बसायचे आणि टपरीवाल्याचा फोन मागून घ्यायचे. काच तडकलेला, जुना, चार्जिंगला लावल्याशिवाय न चालणारा फोन. टपरीवाल्यानं चहाचं आधण ठेवलं की सर त्या फोनवर मुलाच्या पानाचा पत्ता टाकायचे. चहाला उकळी येईपर्यंत पान उघडलं तर ठीक. चहा आधी उकळला तर मुलानं परत जाऊन फोटो लहान करायचे.

"तुझ्या घरच्या वाय-फायवर उघडतंय, त्याचं काय कौतुक," ते म्हणायचे. "तुझी मावशी खेड्यात राहती ना? तिच्या फोनवर उघडलं तर उघडलं म्हनायचं."

मी त्याच शाळेत संगणकाचा शिक्षक. माझ्या लॅबमध्ये चपला बाहेर काढून यावं लागायचं. प्रत्येक संगणकावर कापडी खोळ, भिंतीवर नियमांचा तक्ता. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडं होती, पदव्युत्तर पदविका होती, आणि मुलं मात्र टपरीवर त्या हिंदीच्या मास्तराभोवती गराडा घालून उभी असायची. लॅबच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं. खिडकीला पडदा लावावा असं मी मुख्याध्यापकांना सुचवलंही होतं. उन्हाचा त्रास होतो, असं कारण दिलं होतं.

सर मूळचे तेलंगणाच्या सीमेवरच्या बिलोलीकडचे. घर नांदेडला, नोकरी आमच्याकडं. लातुरात एका खोलीत एकटे राहायचे. बोलणं थेट तिकडचं, करून राहिलो, जाऊन राहिलो. हिंदीच्या तासालाही मधेच तेलुगू शब्द यायचा. खादीचा शर्ट, खिशात दोन पेनं, आणि खांद्याला शबनम. त्या शबनममध्ये एक लॅपटॉप असायचा, ज्याचं एक बटण तुटलेलं होतं. त्या बटणाशिवाय 'क' आणि 'ख' उमटत नव्हते. दुसरा कोणी असता तर दुरुस्त करून घेतला असता. सरांनी त्याचा धडा केला. आठवीच्या वर्गाला म्हणाले, "क नसलेली दहा वाक्यं लिहून आना. आपला लॅपटॉप तेवढंच लिहितो." मुलं दोन दिवस शाळाभर क टाळून बोलत होती. मला एकानं कॉरिडॉरमध्ये "नमस्ते गुरुजी, तुमची लॅब बंद आहे का" असं विचारलं आणि 'का' म्हटल्याबद्दल त्याच्या मित्रांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले.

ते एकही पैसा न देता मिळणाऱ्या गोष्टीच वापरायचे. फुकट ब्लॉग, फुकट वेबसाइट, फुकट पोस्टर, फुकट नकाशे, प्रश्न विचारायचे फुकट फॉर्म. स्टाफरूममध्ये त्यांचं नावच 'फुकटवाले' पडलं होतं. ते नाव मी पाडलं नव्हतं, पण मीच सगळ्यात जास्त वापरायचो. त्यांना कळलं तेव्हा त्यांना आनंदच झाला.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "ही माहूरच्या धर्मशाळेसारखी गोष्ट हाय, सर. फुकट राहायला मिळतं. राहावं. पन गाठोडं सोडून पसरायचं न्हाई. सकाळी उठ म्हनले तर उठता आलं पायजे."

त्यांच्या मुलांच्या पोस्टरवर खाली कोपऱ्यात त्या कंपनीचा छाप यायचा. मी एकदा दाखवून दिलं, की सर, हे बरं दिसत नाही, व्यावसायिक वाटत नाही. ते म्हणाले, "जेवू घालून राहिले ना ते? मग पत्रावळीवर त्यांचं नाव असू द्या की."

शाळेची अधिकृत वेबसाइट मी केली होती. केली म्हणजे पुण्याच्या एका माणसाकडून करून घेतली होती, पण मजकूर माझा. ध्येय, उद्दिष्टे, संस्थेचा परिचय, अध्यक्षांचं मनोगत. वरून एक ओळ सरकत जायची, 'आपले सहर्ष स्वागत आहे'. खाली किती लोकांनी पाहिली याचा आकडा होता. तो आकडा बहुतेक माझ्यामुळेच वाढत होता.

आणि इकडं सातवीतल्या एका मुलीनं, सरांच्या नादानं, नळाचं पान केलं. लातुरात नळ रोज येत नाही हे वेगळं सांगायला नको. कधी आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि कुठल्या गल्लीला कधी येईल ते कोणी सांगत नाही. त्या मुलीनं एक फुकटचा फॉर्म केला. ज्यांच्या गल्लीत पाणी आलं त्यांनी गल्लीचं नाव टाकायचं, बस. ते पानावर दिसायचं. पुढची गल्ली कुठली, हे बायका त्यावरून ओळखायला लागल्या. पानाखाली केसांच्या तेलाची जाहिरात यायची, पानाचा पत्ता मालगाडीएवढा लांब, अक्षरं वाकडी. पण आमच्या घरात, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझी बायको सकाळी उठून ते पान बघायची.

"उद्या आपल्याकडं येतंय बहुतेक," ती म्हणायची. "सरांच्या पोरीनं टाकलंय."

"सरांच्या पोरीनं म्हणजे? ती शाळेची विद्यार्थिनी आहे. मलाही संगणकाला आहे ती."

"असंल," बायको म्हणायची आणि पिंप घासायला घ्यायची.

सरांचा एक नियम होता. कुठलाही मुलगा 'सर, मला ब्लॉग करायचा' म्हणून आला की ते आधी विचारायचे, "वाचनार कोन?"

"सगळे वाचतील, सर."

"सगळे म्हंजे कोनीच न्हाई. एक नाव सांग. हाडामासाचा मानूस सांग."

मुलगा नाव सांगायचा. आई, मामा, शेजारचा दादा. मग त्या माणसाला समोर ठेवून पान करायचं. पान झालं की त्या माणसाकडून वाचून घ्यायचं, आणि त्यानं विचारलेली एक तरी शंका पानावर लिहायची. कुठल्याही पुस्तकात मी ही पद्धत वाचलेली नव्हती. म्हणून ती चूक आहे असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

माझी मुलगी गौरी तेव्हा नववीत होती. तिला सरांनी तोच प्रश्न विचारला. तिनं सांगितलं, "अण्णा."

अण्णा म्हणजे माझे वडील. घरात लहानमोठे सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. अण्णा पेंटर होते. भिंतींना रंग देणारे नव्हेत, दुकानांच्या पाट्या लिहिणारे. लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेडपर्यंत त्यांनी पाट्या लिहिल्या. गंजगोलाईच्या बाजारात एक काळ असा होता, की मान वर केली की अण्णांचं अक्षर दिसायचं. मग फ्लेक्स आले. एका रात्रीत नव्हे, पण आले, आणि अण्णांनी एक दिवस ब्रश रॉकेलमध्ये धुऊन, कागदात गुंडाळून कपाटावर टाकून दिले. त्यानंतर ते त्यावर बोलले नाहीत. फार बोलणारे ते नव्हतेच.

अण्णांवर वेबसाइट करावी ही कल्पना माझी होती, हे इथं सांगितलं पाहिजे. गौरीच्या कितीतरी आधी मी अण्णांना विचारलं होतं. जेवताना म्हणालो होतो, "अण्णा, तुमच्या कामाची एक वेबसाइट करू का? चांगली, पैसे भरून, तुमच्या नावाची."

"कशाला," ते म्हणाले होते, आणि भाकरी मोडली होती. विषय तिथं संपला होता.

आता एका रविवारी सकाळी सर आमच्या दारात आले. जुनी स्कूटी, शबनम, डोक्याला रुमाल. मला वाटलं माझ्याकडं आले. मी बैठकीतला पसारा आवरला, बायकोला चहा टाकायला सांगितलं. सर आत आले, मला नमस्कार केला आणि थेट अण्णांच्या खाटेजवळ जाऊन खाली जमिनीवर बसले.

"उस्ताद," ते म्हणाले, "तुमचा र असा मागं रेललेला का असतो? मी लई पाट्या बघून आलो. बाकी अक्षरं ताठ हायत, र तेवढा आराम करून राहिला."

अण्णांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाले, "कुठं बघितला?"

"सराफ लाइनीच्या मागं. सायकलवाल्याच्या दुकानावर. अजून हाय."

"ती पाटी हाय अजून?"

"हाय की. खाली थोडी गंजली."

अण्णा उठून बसले. म्हणाले, "र ताठ काढला की शिपायासारखा दिसतो. पुढच्या अक्षराला हुकूम सोडल्यागत. जरा मागं घेतला की पुढच्याला जागा मिळती." आणि हवेत बोटानं र काढून दाखवला.

एवढं सलग बोललेलं मी त्यांना किती वर्षांत ऐकलं नव्हतं. मी चहाचा ट्रे हातात धरून दारात उभा होतो. अण्णांचा र मागं रेललेला असतो हे मला त्या दिवशी कळलं. पंचेचाळीस वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहत होतो.

त्यानंतर रविवार त्यांचे झाले. सरांच्या स्कूटीवर मागं अण्णा, आणि सायकलवर गौरी. शहरभर जुन्या पाट्या शोधत फिरायचे. पाटी सापडली की गौरी फोटो काढायची, फुकटच्या नकाशावर खूण करायची, आणि अण्णा त्या पाटीबद्दल जे बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करायची. मी घरी असायचो. मला कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं. चला असंही कोणी म्हटलं नव्हतं. आणि आपण होऊन स्कूटीमागं जाणं मला जमलं नाही.

मला सगळं जेवताना कळायचं. एका कापड दुकानाची गोष्ट गौरीनं किती वेळा सांगितली असेल. दुकानावर भलामोठा फ्लेक्स होता, नटीचा फोटो असलेला. अण्णा म्हणाले, याच्याखाली माझी पाटी असणार, मी त्यांच्या आजोबाला लिहून दिली होती. मालक तरुण मुलगा. तो म्हणाला, असं काही नाही. सरांनी त्याला गोड बोलून शिडी आणायला लावली. त्यानं फ्लेक्सचा एक कोपरा सोडला, वर उचलला, आणि खाली निळ्यावर पिवळं, सावली दिलेलं, धुतल्यासारखं स्वच्छ अक्षर. ऊन लागलं नव्हतं म्हणून रंग जसाच्या तसा. रस्त्यावरचे लोक थांबले. त्या मुलाला आपल्या आजोबांचं पूर्ण नाव त्या पाटीवरून कळलं.

"आणि अण्णा हसले, पप्पा," गौरी म्हणाली. "मोठ्यानं."

मी अण्णांकडं बघितलं. ते ताटात बघून वरण कालवत होते.

"चांगलं झालं," मी म्हणालो. आणि त्या रात्री झोपताना बायकोला म्हणालो, की एवढ्या वयात माणसाला स्कूटीवर फिरवणं बरं नाही, पाठीचं दुखणं निघेल. ती म्हणाली, "त्यांची पाठ बरीच आहे आता." आणि कूस बदलून झोपली.

पान तयार होत आलं तेव्हा मथळ्याचा प्रश्न आला. मला वाटलं इथं तरी माझी गरज लागेल. मी चांगले देवनागरी फॉन्ट शोधून ठेवले, फुकट असलेलेच, म्हणजे सरांनाही बोलायला जागा नको. गौरीला दाखवले. तिला एक आवडलाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं कपाटावरची ती गुंडाळी खाली काढली. सरांनी सांगितलं होतं, मथळा उस्तादांनी लिहायचा. अण्णांचा हात आता कापतो. त्यांनी कागदावर 'लातूरच्या पाट्या' असं लिहिलं, आणि त्यातला ल दोनदा थरथरला. गौरीनं फोनवर त्याचा फोटो घेतला, फुकटच्या ॲपमधून मागचा कागद काढून टाकला आणि तो मथळा पानावर चढवला.

"हे सरळ करून देऊ का?" मी विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

"नको, पप्पा. सर म्हणाले, कापरा हात पण उस्तादांचाच हाय."

सरांची भाषा माझ्या मुलीच्या तोंडात आली होती.

ते पान लोकांनी पाहिलं. किती लोकांनी पाहिलं ते मी बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण सांगत नाही. सोलापूर, पुणे, कुठून कुठून लोकांनी खाली लिहिलं, की आमच्या वडिलांच्या दुकानाची पाटी यांनीच लिहिली होती. काहींनी जुने फोटो पाठवले. शाळेच्या प्रदर्शनात सरांनी अण्णांना बोलावलं आणि मुलांसमोर फळ्यावर ळ काढायला लावला. अण्णा मुलांना म्हणाले, "ळ जमला त्याला सगळं जमलं. दोन पोटं हायत त्याला, दोन्ही सारखी भरायची." मुलं वहीत ळ काढत बसली. मुख्याध्यापक मला म्हणाले, "तुमचे वडील एवढे कलाकार आहेत, बोलला नाहीत कधी." मी म्हणालो, "हो, म्हणजे, आहेत." लॅबची किल्ली माझ्या हातात होती, ती मी बोटात फिरवत राहिलो.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही. टपरीवाल्याला व्यासपीठावर बोलावून त्याला शाल द्यायला लावली, आणि सगळ्यांना म्हणाले, "याच्या फोनचे उपकार हायत." मग नांदेडला निघून गेले. मला खरं सांगायचं तर हलकं वाटलं. पडद्याचा विषय मी मुख्याध्यापकांकडं परत काढला नाही.

काही महिन्यांनी ती बातमी आली. ज्या फुकटच्या जागेवर मुलांनी आपली पानं केली होती, ती कंपनी बंद करणार होती. इंग्रजीत मेल आला, की अमुक तारखेनंतर सगळं पुसलं जाईल, आपापलं सामान हलवा. गौरीनं तो मेल मला दाखवला तेव्हा तिचे डोळे भरले होते. नळाचं पान, एकानं केलेलं बसच्या वेळांचं पान, अण्णांच्या पाट्या, सगळं त्यात होतं.

मला वाईट वाटलं. पण त्या वाईटाच्या आत कुठंतरी आणखी एक गोष्ट होती, आणि तिचं नाव मला माहीत होतं. आता मुलं माझ्याकडं येतील. मी शाळेच्या सर्व्हरवर जागा मोकळी केली. सगळ्यांची पानं कशी ठेवायची त्याचा आराखडा केला. शनिवारी दिवसभर लॅब उघडी ठेवून बसलो, खोळी काढून. कोणी आलं नाही. सगळ्यांनी सरांना फोन केले होते.

रविवारी सकाळच्या बसनं सर नांदेडहून आले. घरी येऊन मला म्हणाले, "सर, लॅबची किल्ली तुमच्याकडं हाय ना? तेवढी द्या. बाकी पोरं करून घेतेत."

मी किल्ली घेऊन स्वतः गेलो. मुलं जमली होती, कॉलेजात गेलेलीही आली होती. मी सरांना बाजूला घेऊन म्हणालो, "शाळेच्या सर्व्हरवर जागा केली आहे. फुकटाच्या भानगडीत परत पडू नका. इथं कायमचं राहील."

"कायमचं म्हंजे कसं, सर?"

"म्हणजे संस्था दरवर्षी नूतनीकरण करते."

"अध्यक्ष बदलले तर?"

आमच्या संस्थेत अध्यक्ष बदलले की आधी रंग बदलतो, मग घंटा बदलते, हे त्यांनाही माहीत होतं.

"तुमचं बी वापरू," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "पन हे फुकटवाले निदान आधी सांगून बंद करून राहिले." मग मुलांकडं वळून म्हणाले, "चला रे, गाठोडी काढा."

प्रत्येक मुलाकडं गाठोडं होतं. सरांनी प्रत्येकाला आधीपासून सांगून ठेवलं होतं, की जे पानावर चढवाल ते तीन घरी ठेवा, एकाच छपराखाली नको. मजकूर नव्या जागेवर लगेच गेला. फोटो गेले. पण रेकॉर्डिंग्ज जात नव्हत्या. अण्णांचा आवाज जुन्या पानावरून उतरवता येत नव्हता. मी प्रयत्न केला. त्या दिवशी मला खरोखर जे येत होतं ते सगळं मी करून बघितलं आणि जमलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कारण काही म्हटलं तरी तो माझ्या बापाचा आवाज होता.

"राहू द्या, पप्पा," गौरी म्हणाली. "माझ्याकडं आहेत ना सगळ्या. तीन ठिकाणी आहेत."

"कुठं कुठं?"

"माझ्या फोनमध्ये. सरांकडं. आणि नांदेडच्या आत्याकडं."

तिनं आपला फोन संगणकाला जोडला. रेकॉर्डिंग चढत होती, पडद्यावर निळी रेघ सरकत होती. मग मी विचारलं, "माझ्याकडं का नाही ठेवल्या?"

तिला तो प्रश्न अनपेक्षित होता. "तुम्ही मागितल्याच नाहीत, पप्पा," ती म्हणाली. रागानं नाही. साधं.

शेजारच्या खुर्चीवर सर बसले होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडं बघितलं नाही, आणि त्यांचा हा समंजसपणाही मला सहन झाला नाही.

हिवाळ्यात एक दिवस अण्णा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या खोलीत आले. म्हणाले, "गाडी काढ. नांदेडला जायचं हाय. एक पाटी राहिली हाय."

"कुठली पाटी?"

"राहिली हाय एक. चल."

गौरीची परीक्षा चालू होती. सर लातुरात नव्हते. म्हणजे मीच. खोटं सांगत नाही, मी नवा शर्ट घातला. फोन पूर्ण चार्ज केला, फोटो काढायला. अहमदपूरपर्यंत अण्णा गप्प होते. मी मनात प्रश्न जुळवत होतो. लोह्याच्या अलीकडं मी विचारलं, "अण्णा, सावली देताना ती कायम उजवीकडंच का द्यायची?"

"ते सरांनी विचारलंय की," ते म्हणाले. "साइटवर हाय. ऐक."

मी गाडी चालवत राहिलो.

नांदेडात शिरल्यावर अण्णा रस्ता सांगायला लागले. इकडं वळ, त्या शाळेपाशी डावीकडं. जुन्या बाजारात जायचं असेल असं मला वाटत होतं, पण रस्ता नव्या वस्तीत गेला. एका घरासमोर म्हणाले, "थांब." फाटकात सर उभे होते. अंगणात दोन विटांवर एक लाकडी फळी उभी केलेली, पांढऱ्या रंगाचं अस्तर दिलेली, वाळलेली, कोरी.

पाटी जुनी नव्हतीच. लिहायची राहिली होती.

सरांनी बाहेरची खोली मोकळी केली होती. गल्लीतल्या मुलांना तिथं बसून आपापली पानं करायला शिकवणार होते. अण्णांशी त्यांचं फोनवर ठरलं होतं. फोनवर, म्हणजे माझ्याच घरात, माझ्या पलीकडच्या खोलीत.

"काय लिहायचं?" अण्णांनी विचारलं.

"येथे फुकट शिकवले जाते," सर म्हणाले.

"मोफत लिहू. फु चा उकार खालच्या ओळीत घुसतो."

"लिहा, उस्ताद. तुमचं राज्य."

अण्णांनी सुतळीला खडू लावून ओळ मारली. डोळ्यानंच अक्षरं मोजली. ब्रश रंगात बुडवला, फळीजवळ नेला, आणि हात कापायला लागला. घरी कागदावर कापला होता त्याहून जास्त. त्यांनी ब्रश मागं घेतला. पुन्हा नेला. पुन्हा कापला. त्यांच्याबरोबर एक काठी होती, टोकाला चिंधी बांधलेली. ती फळीवर टेकवून त्यावर मनगट ठेवायचं असतं. पण काठी धरणारा डावा हातही आता कापत होता.

सर पटकन पुढं झाले. "मी धरतो, उस्ताद." काठीला त्यांचा हात लागलाही.

"तुम्ही नको, सर," अण्णा म्हणाले. फळीवरची नजर त्यांनी काढली नव्हती. "तुम्ही पाव्हणे. हा धरील."

मी लहान असताना अण्णा मला रंगाचा डबा उचलू द्यायचे नाहीत. शिडीखाली थांबू द्यायचे नाहीत. घरी जा, अभ्यास कर, एवढंच. मी घरी जायचो आणि अभ्यास करायचो. ती काठी मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात धरली. हलकी होती, बांबूची, आणि मधोमध त्यांच्या मुठीनं झिजून गुळगुळीत झालेली. मी ती फळीवर टेकवली. अण्णांनी त्यावर मनगट ठेवलं. त्यांचं वजन माझ्या हातावर आलं, आणि कापणंही आलं. मी दुसरा हात लावून ते धरलं. ये चा पहिला बाक उतरला. नीट उतरला.

माझं तोंड फळीकडं होतं. मागं सर उभे होते. दोन अक्षरं झाल्यावर ते म्हणाले, "आमचे बाबा शिंपी होते. बिलोलीत. मला कधी मशीनीला हात लावू दिला न्हाई." मग म्हणाले, "मी विचारलंबी न्हाई कधी. गेले मग ते."

ते अण्णांना उद्देशून नव्हतं. अण्णांना अक्षर लिहिताना काही ऐकू येत नाही. मला मागं वळून बघता येत नव्हतं, काठी हालली असती. पण चेहरा बघायची गरज नव्हती. त्या आवाजात जे होतं ते मला अनोळखी नव्हतं. ते घेऊन मी दोन वर्षं लॅबच्या खिडकीत उभा राहिलो होतो.

काहीतरी बोलावं असं वाटलं. सर, तुम्ही धरा थोडा वेळ, असं म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. मला ती काठी कोणालाच द्यायची नव्हती.

"हालू नको," अण्णा म्हणाले.

मी हाललो नाही.